प्रमाणात नसलेला नकाशा : इंदापूर-बारामतीच्या टिपणांचा इतिहास

टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबराची जागेवर बसून, हाताने काढलेली आकृती. तिच्यात शेताचा आकार असतो, पण तो प्रमाणात नसतो. लांबट शेत कागदावर कधी चौकोनी दिसते, तर नदीकाठची वाकडीतिकडी हद्द दोन-तीन सरळ रेघांत उरकलेली असते. आकृतीच्या पोटातून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ ओळ गेलेली असते. तिच्या डाव्या-उजव्या अंगाला काटकोनात आखूड ओळी निघतात आणि प्रत्येक ओळीशेजारी आकडा असतो : इतक्या साखळ्या, इतके आणे. चारी बाजूंना लगतच्या नंबरांचे आकडे, विहिरीच्या जागी छोटे वर्तुळ, ओढ्यासाठी दोन नागमोडी रेघा. जुन्या टिपणांतली अक्षरे आणि आकडे मोडीत असतात. चित्रकलेच्या दृष्टीने यात काहीच नाही. चौथीतला मुलगा याहून नेटके शेत काढील. तरीही बांध कोरल्याची तक्रार झाली, मोजणीचा अर्ज पडला किंवा दावा कोर्टात गेला, की भूमी अभिलेख कार्यालयाच्या कपाटातून हाच कागद बाहेर काढावा लागतो.

महाराष्ट्रभर चाललेली ही पद्धत ज्या मुलखात पहिल्यांदा नीट बसली तो पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग. भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यातला इंदापूर तालुका आणि त्याला लागून असलेला, तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडणारा बारामती-सुप्याचा टापू. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, नदीकाठी काळी, माळावर मुरमाड जमीन. अशा मुलखात सारा बसवणे नेहमीच अवघड होते, आणि ते अवघडपणच टिपणाच्या जन्माला कारण झाले.

इंग्रजी अमलापूर्वी इथे मोजणी नव्हती असे नाही. काठीने जमीन मोजत. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर हे कोष्टक कुलकर्ण्याच्या तोंडी असे. मलिक अंबरच्या पाहणीपासून पेशवाईतल्या कमाल आकारापर्यंत साऱ्याचे हिशेब ठेवलेले आहेत. पण हे सगळे शब्दांत आणि आकड्यांत होते, चित्रात नव्हते. गावची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळाला नाव असे. कोणाचे थळ, त्यात किती बिघे, मिरासदार कोण, हे थळझाड्यात लिहिलेले सापडे. त्या थळाचा आकार मात्र कुठेच काढलेला नसे. वतनपत्रात चतुःसीमा लिहीत : पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमुक पाटलाचे शेत, पश्चिमेस वाट. ओढ्याने पात्र बदलले किंवा पाटलाचे शेत भावाभावांत वाटले गेले, की ती चतुःसीमा पोकळ होई. मग गोतसभा बसे. शिवेच्या वादात गावच्या महाराची साक्ष वजनदार मानली जाई, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याच्या पायांना ठाऊक असे. साक्षीने भागले नाही तर दिव्य करून शीव चालायची. जमिनीचा नकाशा माणसांच्या आठवणीत होता, आणि ती माणसे दुष्काळात परागंदा झाली की त्यांच्याबरोबर नकाशाही जाई.

बिघाही सगळीकडे सारखा नव्हता. हलक्या जमिनीचा बिघा पुष्कळ ठिकाणी मोठा धरत, म्हणजे कस कमी तर माप मोठे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पद्धत शहाणपणाची होती. एकाच आकड्यात क्षेत्र आणि कस दोन्ही येत. बाहेरून आलेल्या अंमलदाराला मात्र कागदावरचे शंभर बिघे म्हणजे प्रत्यक्षात किती जमीन, हे कळायला मार्ग नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा प्रश्न कंपनी सरकारच्या गळ्यात पडला. पुण्याचा असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२८ च्या सुमारास मोठी पाहणी हाती घेतली. इंग्लंडातल्या अर्थशास्त्रज्ञांचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का होता. पिकाच्या एकूण किमतीतून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के भाग सरकारचा. त्यासाठी प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती ज्वारी-बाजरी येते, बैल किती लागतात, मजुरी किती पडते याचे तक्ते बनले. तक्ते भरणारे कारकून हाताखालचे, तपासणारे साहेब मोजके, आणि उत्पन्नाचा आकडा असा की तो शेतात जाऊन कोणाला दिसत नाही. लाचलुचपत झाली नसती तरच नवल. सारा भरमसाट बसला, धान्याचे भाव पडले आणि पाऊस हुकला. इंदापुरातले कुणबी घरदार सोडून निजामाच्या मुलखात गेले आणि तालुक्यातली वहितीची निम्म्याहून अधिक जमीन पडीक राहिली.

प्रिंगलची हुशारी कमी नव्हती. चुकले ते त्याचे साधन. निव्वळ उत्पन्न हे अनुमान असते. त्याचे चित्र काढता येत नाही, म्हणून शेतकऱ्याला ते तपासताही येत नाही.

१८३५ मध्ये इंदापूरचे काम हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याकडे आणि बॉम्बे इंजिनिअर्सचा तरुण लेफ्टनंट जॉर्ज विंगेट याच्याकडे आले. प्रिंगलच्या मोजणीत चुका होत्या, पण त्या सुधारता येण्यासारख्या होत्या. कोलमडली होती ती प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत लावण्याचे काम, आणि तिच्यावर उभा केलेला सारा. दोघांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमिनीची प्रत डोळ्यांनी आणि कुदळीने ठरवायची, पूर्वीच्या वसुलीचा इतिहास पाहून तालुक्याला झेपेल असा दर बसवायचा, आणि तो तीस वर्षे वाढवायचा नाही. इंदापुरात काळी, तांबडी आणि बरड अशा तीन जाती व प्रत्येकीच्या तीन प्रती मिळून नऊ प्रती धरल्या. १८३६-३७ पासून नवे दर लागू होऊ लागले. याच कामातून पुढे मुंबई इलाख्याची पाहणी पद्धत उभी राहिली आणि वऱ्हाड, म्हैसूरपर्यंत पोहोचली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि पाहणी खात्यातला त्यांचा सहकारी डेव्हिडसन यांनी तिचे नियम एका संयुक्त अहवालात बांधून दिले.

या पद्धतीतली एक अट टिपणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. सारा माणसावर किंवा गावावर नव्हे, नंबरावर बसला. खातेदाराने वाटेल तो नंबर करावा, नको तो राजीनामा देऊन सोडावा. बाकीच्या नंबरांवर त्याचा हक्क तसाच राहील. आता ज्याला एक तुकडा सोडायचा आणि शेजारचा ठेवायचा आहे, त्याचा तुकडा नेमका कुठे संपतो हे सरकारला, त्याला आणि नंतर येणाऱ्या कुळाला सारखेच कळले पाहिजे. चतुःसीमेच्या शब्दांनी ते भागत नव्हते. म्हणून प्रत्येक नंबराची स्वतंत्र आकृती लागली आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर दगड लागले. नंबर किती मोठा असावा यालाही नियम होता : एका बैलजोडीला झेपेल तेवढा. हलक्या जिराईत जमिनीत सुमारे २० एकर, मध्यमात १५, भारी काळीत १२ आणि भातखाचरात ४. जुन्या सर्व्हे नंबरांचे आकारमान आज मनमानी वाटते, पण त्यामागे बैल उभे आहेत.

टिपण घेण्याची रीत इतकी सुटसुटीत आहे की ती दोन दिवसांत शिकवता येई. साधने दोन : साखळी आणि शंकू. साखळी ३३ फूट लांब, तिचे १६ भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणत. शंकू म्हणजे काठीवर बसवलेले काटकोन साधण्याचे साधे यंत्र. एकमेकींना छेदणाऱ्या दोन फटींतून पाहिले की एक नजर ओळीच्या दिशेने जाते, दुसरी तिच्याशी काटकोनात. या जोडीमुळेच जुनी मोजणी अजूनही ‘शंकू-साखळीची मोजणी’ म्हणून ओळखली जाते.

साखळी ३३ फुटांचीच का, हे कोष्टक मांडले की उलगडते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे ३३ गुणिले ३३, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. हाच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक इंग्रजी एकर. साखळ्यांचा साखळ्यांशी गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांत येते, आणि गुंठ्याला चाळिसांनी भागले की एकर. साहेबाच्या एकराला मराठी कारकुनाच्या पाढ्यात असे बसवले गेले.

एक नंबर मोजून पाहिला तर ही युक्ती ध्यानात येते. समजा, शेत चार कोपऱ्यांचे आहे. ईशान्येच्या दगडापासून नैऋत्येच्या दगडापर्यंत सरळ ओळ धरली, ती ४० साखळ्या भरली. ओळीवरून चालत जाताना १८ व्या साखळीवर शंकू रोवला, तेव्हा डाव्या हाताचा दगड काटकोनात दिसला; तिथपर्यंतचे अंतर १६ साखळ्या. पुढे २५ व्या साखळीवर उजवीकडचा दगड काटकोनात आला. तो १४ साखळ्या ८ आण्यांवर. टिपणात एवढेच लिहायचे : ओळीवर १८ आणि २५, बाजूंना १६ आणि १४॥. मराठी हिशेबातली पाव, अर्धा, पाऊण दाखवणारी उभ्या रेघांची खूण इथे आयती कामाला आली. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी, म्हणून दोन उभ्या रेघा. आता त्या ओळीने शेताचे दोन त्रिकोण झाले. डावा त्रिकोण ४० गुणिले १६ याच्या निम्मे, म्हणजे ३२० गुंठे, ८ एकर. उजवा ४० गुणिले १४॥ याच्या निम्मे, २९० गुंठे, ७ एकर १० गुंठे. एकूण १५ एकर १० गुंठे. हे हिशेब ज्या वहीत करत तिचे नाव गुणाकार बुक, आणि नावावरूनच समजावे की भागाकाराला तिथे फारसे काम नव्हते.

शेताच्या चारही बाजू किती लांब आहेत, हे टिपणात लिहिले नाही तरी चालते. कोनांची मापे तर अजिबात नाहीत. तरीही कोणीही, कधीही, कोणत्याही प्रमाणात हे शेत पुन्हा हुबेहूब काढू शकतो, कारण चारही कोपऱ्यांच्या जागा आकड्यांनी बांधल्या गेल्या आहेत. म्हणूनच आकृती प्रमाणात नसली तरी बिघडत नाही. तिचे काम एवढेच, की कोणता आकडा कोणत्या रेघेचा हे सांगणे. आकड्यांची नुसती यादी केली असती तर डावे-उजवे, आधीचे-नंतरचे यांचा घोळ झाला असता. नुसते सुबक चित्र काढले असते तर त्यावरून एक फूटही मोजता आला नसता. टिपणात दोघांची कामे वाटून दिलेली आहेत.

याची उलट बाजू अशी की आकडा चुकला तर चित्र वाचवू शकत नाही. वरच्या उदाहरणात आडव्या मापात एका आण्याची, म्हणजे दोन फुटांची, चूक झाली तरी क्षेत्रात सव्वा गुंठ्याचा फरक पडतो. वापराने साखळीच्या कड्या झिजत, साखळी लांब होई. ती शेकडा एकाने लांबली तर मोजलेले क्षेत्र खऱ्यापेक्षा शेकडा दोनने कमी भरते. साखळी वरचेवर प्रमाण मापाशी ताडून पाहण्याचा दंडक यासाठीच होता. तो कुठे किती पाळला गेला, हे पुढच्या मोजण्यांत निघालेल्या कमी-जास्त क्षेत्रांवरून दिसून येते.

क्षेत्राच्या टिपणाहूनही कल्पक आकृती निघाली ती प्रतबंदीसाठी. जमिनीचा कस ही डोळ्यांनी चटकन मोजता न येणारी गोष्ट. प्रिंगल तिथेच अडखळला होता. १८४७ च्या अहवालाने ती एका चौकटीत बसवली. प्रतबंदी कारकून नंबराची बाह्यरेषा काढी आणि उभ्या-आडव्या ओळींनी तिचे साधारण सारखे कप्पे पाडी. प्रत्येक कप्प्याच्या जागी जाऊन जमीन खणायची, माती हातात घेऊन पाहायची आणि कप्प्यात खुणा करायच्या. डाव्या खालच्या कोपऱ्यात ठिपके : एक ठिपका म्हणजे बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गर्द तपकिरी माती, दोन म्हणजे जाडसर, बहुधा तांबडी, तीन म्हणजे खडकाळ, मोकळी, राखी रंगाची. उजव्या कोपऱ्यात खोली, हातांत : पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत. यांच्या वर दोषांच्या खुणा आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात निघालेली प्रत.

दोषांच्या खुणा सात होत्या आणि त्या पाहिल्या की चित्रलिपीचीच आठवण होते. त्रिकोणात मांडलेले तीन ठिपके म्हणजे चुनखडीचे खडे. टोक खाली असलेला कोन म्हणजे वाळू, टोक वर असलेला कोन म्हणजे पाणी जिरू न देणारी चोपण माती. तिरकी रेघ म्हणजे उतार. यापेक्षा सोपी खूण सुचणे कठीण. फुली म्हणजे कणांना धर नसलेली माती. नागमोडी रेघ म्हणजे पावसाळ्यात वरून पाण्याचा लोंढा जाणारी जागा, आणि पोकळ वर्तुळ म्हणजे उपळट, झऱ्यांनी ओल धरणारी जमीन. एक खूण म्हणजे एक प्रत खाली. दोष जास्त असेल तर तीच खूण दोनदा काढायची आणि दोन प्रती उतरवायच्या.

प्रतीही आण्यांत मोजल्या जात : पहिली १६ आण्यांची, मग १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि शेवटची २. समजा, एका कप्प्यात एक ठिपका आहे आणि खोली पावणेदोन हात. अशी जमीन पहिल्या प्रतीची, सोळा आणे. पण वर नागमोडी रेघ आहे, म्हणून ती दुसऱ्या प्रतीत, चौदा आण्यांवर. दुसऱ्या कप्प्यात दोन ठिपके, खोली एक हात : पाचवी प्रत, आठ आणे. त्यावर तिरकी रेघ असेल तर सहावी, सहा आणे. आठ कप्प्यांचे आणे १४, १२, १२, १०, ८, ८, ६ आणि २ असे आले तर बेरीज ७२, सरासरी ९. गावात उत्तम जमिनीचा दर एकरी एक रुपया असेल तर या नंबराला एकरी नऊ आणे. दर बारा आणे असेल तर त्याच्या सोळा भागांपैकी नऊ. अशी एकेका नंबराची बेरीज होऊन शेवटी गावच्या नंबरांच्या साऱ्याचा तक्ता, म्हणजे आकारबंद, तयार होई.

शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नसले तरी ही आकृती त्याला दाखवून समजावता येत होती. ‘या कोपऱ्यात तुमची जमीन उतरती धरली आहे’ म्हटले की तो मान डोलवी किंवा भांडे, आणि भांडण झाले तर पुन्हा तिथेच कुदळ मारून पाहता येई. वरिष्ठालाही कारकुनाची चोरी पकडणे सोपे झाले. कोणत्याही एका कप्प्यावर जायचे आणि खणायचे. सोळा आणे म्हणजे पुरेपूर, ही कल्पना भाषेत आधीच रुजलेली होती. साखळीचे सोळा आणे, प्रतीचे सोळा आणे आणि रुपयाचे सोळा आणे अशी तिन्ही मापे एकाच पाढ्यात आली, आणि या पद्धतीच्या यशातला निम्मा वाटा त्या पाढ्याचा आहे असे म्हणायला हरकत नाही. सरकारी अहवाल ते श्रेय कमी दरांना आणि तीस वर्षांच्या हमीला देतात. तेही खरेच, पडीक जमीन पुन्हा वहितीत आली ती मुख्यतः सारा उतरल्यामुळे. पण हलका सारा कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत, याचे उत्तर टिपणातच होते.

टिपणे जुळवून गावचा नकाशा तयार होई. त्याचे प्रमाण साधारणपणे एक इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट. सगळे नंबर, ओढे, रस्ते, गावठाण, पांढरी एका कागदावर येत. तलाठ्याच्या दप्तरात हाच नकाशा असे आणि दिसायलाही तोच भारदस्त. पण या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे २६ फूट. लेखणीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ तेरा फूट झाकते. बांधावरून भांडणारे दोन भाऊ ज्या तीन-चार फुटांसाठी हमरीतुमरीवर आलेले असतात, ते फूट या नकाशात रेघेच्या जाडीतच बुडून जातात. टिपणात मात्र दोन फुटांचा आणासुद्धा वेगळा लिहिलेला असतो. बेढब टिपण रेखीव नकाशापेक्षा वरचढ ठरते ते असे.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरापासूनच फेरपाहणी सुरू झाली. तोवर अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढून सगळेच महाग झाले होते, आणि त्या तेजीत साऱ्याचे नवे दर बरेच वाढवले गेले. भाव उतरल्यावर ते जाचू लागले आणि शेतकरी सावकारांच्या कर्जात रुतत गेले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. दंगेखोरांनी सावकारांच्या वाड्यांत घुसून कर्जरोखे काढले आणि जाळले. कोणता कागद आपल्या मुळावर आला आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

नंबर एकदा आखला म्हणजे तो तसाच राहतो, ही पद्धतीची कल्पना. माणसांची कुटुंबे मात्र वाढतात. बैलजोडीच्या मापाने पाडलेले पंधरा एकर पुढे दोन भावांत, मग पाच पुतण्यांत वाटले गेले. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर खातेदारांचे हक्क कागदावर येऊ लागले आणि पोटहिस्से मोजण्याची गरज पडली. त्यांच्या आकृत्यांना फाळणी म्हणतात. मूळ टिपणाच्या सांगाड्यावर आतल्या वाटणीच्या रेघा आणि त्यांची मापे चढवायची, अशी ती रीत. नीरा डावा कालवा बारामती-इंदापुरातून गेला तेव्हा असंख्य नंबर मधोमध चिरले गेले. कालव्याखाली गेलेले गुंठे वजा करून कमी-जास्त पत्रके झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ऊस, इतर बागाईत आणि जिराईत पिके ठरावीक ब्लॉकांत फिरवून घ्यायची, हे तिचे सूत्र. पाणी नंबरावर मंजूर होई, त्यामुळे साऱ्यासाठी काढलेल्या हद्दी पाण्याच्या वाटपालाही आधार झाल्या. उसाने या टापूतल्या जमिनीचा भाव बदलला, आणि कोरडवाहू काळात कोणी ढुंकून न पाहिलेला आणा आता मोलाचा झाला. बांध कोरणे हा शब्दप्रयोग या भागात जितका नित्याचा आहे, तितका नांगरटीचा शब्दही नसेल.

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने आणखी एक थर चढवला. विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले गेले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हेतू रास्त होता. पण बहुतेक ठिकाणी गटांचे नकाशे नव्याने साखळी टाकून केले नाहीत. जुन्या आकृत्या आणि कागदोपत्री अदलाबदल यांवरून ते जुळवले. परिणाम असा, की गट नकाशातला आकार एक सांगतो, सातबाऱ्यावरचे क्षेत्र दुसरे आणि प्रत्यक्ष वहिवाट तिसरेच. अशा तिढ्यात मोजणीदार गटाखालचे जुने सर्व्हे नंबर शोधतो आणि त्यांच्या टिपणांकडे परत जातो. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाल्यावर इंदापूरच्या भीमाकाठची गावे जलाशयात गेली. पलसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसते, बांध मात्र गाळाखाली मिटले. त्या शिवारांचे आकार आता कागदावरच उरले आहेत.

साखळीनंतर मोजणीत प्लेन टेबल आले, म्हणजे तिपाईवरच्या फळ्यावर जागेवरच प्रमाणात नकाशा काढण्याची पद्धत. मग इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, आणि आता उपग्रहाचे संदेश घेणारे रोव्हर. रोव्हर कोपऱ्याची जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतो, पण तो सांगतो ती आजची वहिवाट. बांध मूळचा कुठे होता हे उपग्रहाला माहीत नाही. त्यासाठी टिपणातले साखळी-आणे मीटरमध्ये उतरवावे लागतात, त्यांवरून शेत संगणकावर पुन्हा काढावे लागते आणि गावाच्या न हललेल्या खुणांवर, म्हणजे जुने दगड, विहिरी, तीन गावांच्या शिवा मिळतात ते ठिकाण यांवर बसवून पाहावे लागते. मोडी वाचणारा कर्मचारी कार्यालयात नसला की हे काम अडते. टिपणांचे कागद दीडशे वर्षांत ठिसूळ झाले आहेत. अनेकांची स्कॅन केलेली प्रत आता पाहायला मिळते, पण घडीच्या जागी फाटून गेलेला आकडा स्कॅनमध्येही नसतो.

मोजणी झाल्यावर अर्जदाराला नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तिच्यात दोन प्रकारच्या रेघा असतात. तुटक रेघ म्हणजे आज जागेवर असलेली वहिवाट, आणि अखंड रेघ म्हणजे अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द. जिथे जुने टिपण शाबूत आहे, तिथे ती अखंड रेघ त्यातल्या आकड्यांवरून काढलेली असते.